घटक ७ : बिरबल साहनी – दगडातील वनस्पतींचे वाचन

७.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• बिरबल साहनी यांच्या जीवनकार्याची रूपरेषा सांगता येईल.
• पुरावनस्पतिविज्ञानात अवशेषांवरून मूळ वनस्पती कशी सिद्ध केली जाते, हे स्पष्ट करता येईल.
• एकाच अभ्यासपद्धतीतून संशोधकाचे यश आणि त्याची चूक कशी संभवते, याचे विवेचन करता येईल.

७.२ प्रस्तावना

‘जीवाश्म’ हा शब्द ‘जीव’ आणि ‘अश्म’ या दोन पदांनी बनलेला आहे. जे एके काळी सजीव होते आणि आता दगड झाले आहे, ते जीवाश्म. प्राण्यांची हाडे आणि शिंपले टिकणे आपण समजू शकतो. परंतु पान, फूल, परागकण, बुरशीचा तंतू यांसारख्या नाजूक गोष्टीही कोट्यवधी वर्षे टिकू शकतात, याचे आश्चर्य वाटते. अशा अवशेषांचा अभ्यास म्हणजे पुरावनस्पतिविज्ञान. भारतात या शास्त्राला विद्यापीठीय शिस्त आणि स्वतंत्र संस्था मिळवून देण्याचे श्रेय प्रामुख्याने बिरबल साहनी यांच्याकडे जाते.

जीवाश्म बहुधा अखंड मिळत नाही. खोड एका दगडात, पान दुसऱ्यात आणि बी तिसऱ्यात, अशी त्याची स्थिती असते. साहनींचे आयुष्य या तुटक पुराव्यांवरून मूळ जीव ओळखण्यात गेले. या कामात जितके सामर्थ्य आहे, तितकाच धोकाही आहे. त्यांच्या चरित्रात या दोहोंचे दर्शन घडते.

७.३ विषय-विवेचन

७.३.१ बालपण आणि शिक्षण

बिरबल साहनी यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी पश्चिम पंजाबातील भेरा या गावी झाला. झेलम नदीकाठचे हे गाव आज पाकिस्तानात आहे. सैंधव मिठासाठी प्रसिद्ध असलेल्या मिठाच्या डोंगररांगा तेथून दूर नाहीत. वडील रुचिराम साहनी लाहोरच्या शासकीय महाविद्यालयात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. विज्ञान सामान्य माणसाला त्याच्या भाषेत सांगितले पाहिजे, या भूमिकेतून त्यांनी पंजाबीत व्याख्याने दिली. मुलांना घेऊन ते हिमालयात लांबच्या पदयात्रा करीत. वनस्पती आणि दगड गोळा करण्याची बिरबल यांची सवय या यात्रांत वाढीस लागली.

लाहोर येथील पदवी घेऊन १९११ मध्ये ते केंब्रिजच्या इमॅन्युएल महाविद्यालयात दाखल झाले. तेथे प्रख्यात पुरावनस्पतिशास्त्रज्ञ ए. सी. सीवर्ड हे त्यांना गुरू म्हणून लाभले. भारतातील गोंडवन काळाच्या जीवाश्म वनस्पतींचे वर्णन पूर्वी युरोपीय अभ्यासकांनी केलेले होते. सीवर्ड यांच्यासमवेत साहनींनी त्याची फेरतपासणी केली आणि ती १९२० मध्ये प्रसिद्ध झाली. तत्पूर्वी १९१९ मध्ये लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. ही पदवी मिळवून ते मायदेशी परतले होते.

७.३.२ लखनौ येथील कार्य

बनारस आणि लाहोर येथे अल्पकाळ अध्यापन केल्यानंतर १९२१ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या लखनौ विद्यापीठात साहनी वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि विभागप्रमुख झाले. अखेरपर्यंत हीच त्यांची कर्मभूमी राहिली. १९४३ मध्ये तेथे भूविज्ञान विभाग सुरू झाला, तेव्हा त्याचीही धुरा त्यांनी वाहिली. वनस्पतिशास्त्र आणि भूविज्ञान यांच्यातील भिंत त्यांना मान्य नव्हती. दगडाचे वय न जाणता त्यातील पानाचा अर्थ लावता येत नाही आणि पान न ओळखता दगडाचे वयही नीट ठरवता येत नाही, असा हा परस्परसंबंध आहे.

१९३६ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञ होत. १९४० मध्ये मद्रास येथे भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले.

७.३.३ पाच लाकडांचे झाड

साहनींच्या पद्धतीचे उत्तम उदाहरण राजमहाल टेकड्यांत सापडते. आजच्या झारखंडातील या टेकड्यांमध्ये निपानिया नावाचे गाव आहे. तेथील दगडांत सिलिका झिरपल्यामुळे वनस्पतींच्या पेशींची रचना जशीच्या तशी राहिली आहे. अशा दगडाची पातळ चकती कापून ती पारदर्शक होईपर्यंत घासतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली खोडातील लाकूड आणि पानातील शिरा ताज्या वनस्पतीप्रमाणे पाहता येतात.

निपानियात खोड, पाने आणि बीजधारी फळे सुटी सुटी मिळाली. सुट्या अवयवांना स्वतंत्र नावे देण्याची या शास्त्राची रीत आहे. त्यानुसार खोडाला पेंटोझायलॉन, पानाला निपानिओफायलम आणि फळाला कार्नोकोनाइट्स अशी नावे मिळाली. हे अवयव एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा सोबत आढळतात आणि त्यांच्या अंतर्रचनेतही नाते दिसते, हे साहनींनी दाखवले. हे सर्व एकाच वनस्पतिगटाचे अवयव आहेत, असा निष्कर्ष त्यांनी १९४८ मध्ये मांडला. तो गट आज जिवंत असलेल्या कोणत्याही प्रकटबीज वनस्पतींच्या गटात बसत नव्हता. म्हणून त्यांनी पेंटोझायली हा नवा गट कल्पिला. ग्रीक भाषेत ‘पेंटे’ म्हणजे पाच आणि ‘झायलॉन’ म्हणजे लाकूड. खोडाच्या आडव्या छेदात बहुधा लाकडाचे पाच स्वतंत्र भाग दिसतात, म्हणून हे नाव. ‘पेंटे’ आणि आपले ‘पाच’ हे शब्द एकाच मूळ रूपातून आले आहेत, हे भाषेच्या विद्यार्थ्याच्या लक्षात येईलच. ते मूळ रूप कोठेही लिहिलेले सापडत नाही. सुट्या भाषांतील अवशेषांवरून ते सिद्ध करावे लागते. साहनींचे काम याच जातीचे होते.

७.३.४ दख्खनच्या लाव्हामधील वनस्पती

महाराष्ट्राच्या दृष्टीने साहनींचे दख्खनविषयक संशोधन विशेष महत्त्वाचे आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांनी बनला आहे. दोन उद्रेकांमध्ये जो शांत काळ गेला, त्यात ठिकठिकाणी तळी साचली आणि झाडे वाढली. पुढच्या लाव्हाने ती झाकली गेली. या मधल्या थरांतील जीवाश्म स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नागपूरजवळ टाकळी येथे गोळा केले होते. नागपूरच्या उत्तरेस छिंदवाडा जिल्ह्यात, सौसर आणि मोहगाव कलान येथेही असे थर आहेत. साहनी आणि त्यांचे सहकारी यांनी तेथील गारगोटीसारख्या दगडांतून एक संपूर्ण जलसृष्टी उलगडली. ताडवर्गीय झाडांबरोबरच अ‍ॅझोला हा पाण्यावर तरंगणारा नेचा, कारा हे शैवाल आणि बुरशीचे सूक्ष्म अवशेष त्यांत होते.

मोहगाव कलान येथे निपा या ताडवर्गीय झाडाचे फळही आढळले. निपा आज सुंदरबनासारख्या खाडीच्या चिखलात वाढते. आज समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या प्रदेशाजवळ त्या काळी खारे पाणी पोहोचत असावे, असे त्या एका फळाने सुचवले. लाव्हा क्रिटेशस काळातील, असे मत तेव्हा प्रचलित होते. या वनस्पती त्यानंतरच्या तृतीयक काळाकडे निर्देश करतात, असे प्रतिपादन साहनींनी १९३४ पासून केले. आजच्या कालमापनानुसार हे उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे या दोन काळांच्या सीमेवरचे आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेले आहेत. दोन्ही पक्षांच्या हाती सत्याचा काही अंश होता.

७.३.५ मिठाच्या डोंगरातील वाद

भेऱ्याच्या परिसरातील मिठाच्या थरांविषयी मात्र साहनींचा निष्कर्ष टिकला नाही. हे थर कॅम्ब्रियन काळातील खडकांच्या खाली आहेत. ते तितकेच जुने आहेत, की इओसीन काळातील असून भूपृष्ठाच्या हालचालींनी खाली गेले आहेत, असा वाद भूवैज्ञानिकांत दीर्घकाळ चालू होता. साहनींनी मीठ आणि त्यासोबतचे खडक विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांना लाकडाचे कण आणि कीटकांचे तुकडे दिसले. कॅम्ब्रियन काळात जमिनीवर झाडेही नव्हती आणि कीटकही नव्हते. म्हणून मीठ इओसीन काळातील असले पाहिजे, असे त्यांनी १९४० च्या दशकात आग्रहाने मांडले. नमुने दूषित होऊ नयेत, याची काळजीही त्यांनी घेतली होती.

पुढील भूवैज्ञानिक संशोधनाने मात्र हे मीठ कॅम्ब्रियनच्या आरंभीचे किंवा त्याहूनही जुने ठरवले. ते सूक्ष्म कण नंतरच्या काळात बाहेरून शिरले असावेत, असे आता मानले जाते. कण खरे होते आणि त्यांची ओळखही खरी होती; ते त्या थराचेच आहेत, हे गृहीतक तेवढे टिकले नाही. निपाच्या फळाने जे दार उघडले, त्याच तर्काने येथे दिशाभूल केली. जुन्या पोथीत उत्तरकालीन ओळ प्रक्षिप्त असेल आणि तिच्यावरून पोथीचा काळ ठरवला, तर असेच घडते.

७.३.६ नाणी, संस्था आणि अखेर

साहनींची दृष्टी वनस्पतींपुरती मर्यादित नव्हती. १९३६ मध्ये रोहतकजवळच्या खोकरा कोट टेकाडावर त्यांना नाणी ओतण्याचे मातीचे साचे आढळले. त्यांवरून प्राचीन यौधेयांच्या नाणी पाडण्याच्या तंत्राचा सविस्तर अभ्यास त्यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केला. येथेही सामग्री होती ती फुटक्या तुकड्यांचीच.

पुरावनस्पतिविज्ञानासाठी स्वतंत्र संस्था असावी, हे त्यांचे जुने स्वप्न होते. आपला जीवाश्मसंग्रह आणि ग्रंथसंग्रह त्यांनी तिला अर्पण केला. ३ एप्रिल १९४९ रोजी लखनौ येथे पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसवण्यात आली. वेगवेगळ्या काळांतील जीवाश्म जडवून ही शिला साहनींनी स्वतः सिद्ध केली होती. त्यानंतर एका आठवड्यातच, १० एप्रिल रोजी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. १९५० मध्ये स्टॉकहोम येथे भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेच्या सन्माननीय अध्यक्षपदी त्यांची निवड झालेली होती. संस्थेची जबाबदारी पत्नी सावित्री साहनी यांनी उचलली आणि ती इमारत पूर्णत्वास नेली.

७.४ समारोप

साहनींनी तुकड्यांवर विश्वास ठेवला आणि त्यांतून लुप्त वनस्पतिगट, विझलेली तळी आणि विस्मृत टांकसाळ उभी केली. तुकडा कोठून आला, हा प्रश्न सुटल्याखेरीज तो काय सांगतो या प्रश्नाला अर्थ नाही, हे मिठाच्या वादाने दाखवून दिले. त्यांचा मोठेपणा त्या चुकीने उणावत नाही. कारण पुरावा सर्वांसमोर तपासणीसाठी ठेवूनच त्यांनी मत मांडले होते, आणि त्यामुळेच पुढील अभ्यासकांना ते दुरुस्त करता आले.

७.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. पेंटोझायली या गटाची सिद्धता साहनींनी कोणत्या आधारांवर केली?
२. निपाच्या फळावरून कोणते अनुमान निघाले? ते का महत्त्वाचे आहे?
३. मिठाच्या थरांविषयीचा साहनींचा निष्कर्ष का टिकला नाही? पाठचिकित्सेतील प्रक्षेपाशी त्याची तुलना करा.