सायकलच्या दुकानापासून कारखान्यापर्यंत : लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि माझी जोडतोड सायकल

इथे मी एरवी मोबाईल, ॲप आणि सेटिंगबद्दल लिहितो. आज सायकलबद्दल लिहितोय, आणि त्या निमित्ताने अशा एका माणसाबद्दल, ज्याचं आडनाव तुमच्याही शेतातल्या इंजिनवर किंवा पंपावर असण्याची बरीच शक्यता आहे.

मी अंबडचा, जालना जिल्हा. नोकरी पुण्यातल्या कंपनीत, पण पावसाळ्यात दोन-अडीच महिने गावाकडूनच काम करतो. मागच्या पावसाळ्यात डोक्यात भूत शिरलं की सायक्लोक्रॉस सायकल बनवायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दिसायला ही रेसिंग सायकलसारखी, खाली वळलेलं हँडल वगैरे. पण टायर जाड आणि खाचांचे, आणि चाक व फ्रेम यांच्यात चिखल निघून जायला मोकळी जागा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये हा खेळ सुरू झाला. शेतातून, चिखलातून जायचं, आणि जिथे चालवता येत नाही तिथे सायकल खांद्यावर घेऊन पळायचं. अंबडमध्ये डांबरी रस्ता सोडला की लगेच काळी माती लागते, म्हणजे मैदान तयारच होतं. फक्त तयार सायकल घ्यायची तर किंमत बघूनच फोन बाजूला ठेवला.

मग जोडतोड. मित्राची धूळ खात पडलेली जुनी स्टीलची हायब्रिड मिळाली. एका मोडक्या एमटीबीचा क्रँक आणि मागचा गियर घेतला. खाली वळलेलं हँडल आणि त्याचे लिव्हर पुण्यात जुन्या सामानात मिळाले. हे सगळं शेतातल्या शेडमध्ये मांडून बसलो होतो. शेजारी आजोबांचं विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन. लहानपणापासून त्यावरचं किर्लोस्कर हे नाव वाचत आलोय, पण ते कुणाचं आडनाव आहे असा विचार कधी केला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत फोनवर शोधलं आणि कळलं की या सगळ्याची सुरुवात एका सायकलच्या दुकानातून झाली. मग काय, सायकल राहिली बाजूला, रात्रभर वाचतच बसलो.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेत फारसं लक्ष नव्हतं, ओढा चित्रकलेकडे आणि यंत्रांकडे. वडिलांना हे पसंत नव्हतं. मोठे भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले, त्यांनी पैसे पुरवले आणि लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. दोन वर्षांनी लक्षात आलं की काही रंग त्यांना नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकार व्हायला घर सोडलेल्या मुलाला हे कळणं म्हणजे काय असेल, विचार करा. आज तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये ॲक्सेसिबिलिटीमध्ये गेलं की कलर करेक्शन नावाची सेटिंग सापडते, लाल-हिरव्यात गोंधळ होत असेल तर स्क्रीनचे रंग बदलून घेता येतात. त्या काळी असं काही नव्हतं. त्यांनी रंग सोडले आणि यांत्रिक ड्रॉइंग धरलं. त्यात रेषा लागते, माप लागतं, रंगाचं काम पडत नाही.

हा बदल मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पुढे त्यांनी जे जे केलं त्याच्या मुळाशी ड्रॉइंगच आहे. एखादं यंत्र बघायचं, त्याचा प्रत्येक भाग कागदावर वेगळा काढायचा, कुठला भाग कशाला अडतो ते समजून घ्यायचं. याच कौशल्यावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षकाची नोकरी लागली. मोकळा वेळ मिळाला की ते तिथल्या वर्कशॉपमध्ये जायचे आणि यंत्रं हाताळायचे.

आणि मग मुंबईच्या रस्त्यावर त्यांना एक माणूस सायकल चालवताना दिसला.

आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही, पण काळ बघा. दोन सारख्या चाकांची, मागच्या चाकाला चेन असलेली, आजच्यासारखी दिसणारी रोव्हर सायकल इंग्लंडमध्ये स्टार्ली यांनी आणली १८८५ मध्ये. डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं १८८८ मध्ये. म्हणजे त्या वेळी सायकल हा जगातला सगळ्यात नवा गॅजेट होता, आणि महागही. किर्लोस्कर उद्योग आपली सुरुवात मोजतात ती याच १८८८ पासून. दोघा भावांनी बेळगावात एक छोटी जागा भाड्याने घेऊन सायकलचं दुकान टाकलं. लक्ष्मणराव मुंबईहून माल पाठवायचे, रामूअण्णा बेळगावात विकायचे, दुरुस्त करायचे आणि लोकांना चालवायला शिकवायचेही. शिकवण्याची फी पंधरा रुपये. हसू नका, त्या काळचे पंधरा रुपये आहेत ते. ज्या रस्त्यावर हे दुकान होतं त्याला आज किर्लोस्कर रोड म्हणतात.

जवळजवळ त्याच काळात अमेरिकेत डेटन नावाच्या गावी राईट बंधूंनी १८९२ मध्ये सायकलचं दुकान टाकलं, १८९६ पासून स्वतःच्या सायकली बनवल्या, आणि १९०३ मध्ये उडवलेल्या विमानाचे पंखे चेन आणि दातेरी चक्रांवर फिरवले. दोन भाऊ तिकडे, दोन भाऊ इकडे. मला वाटतं त्या काळी यंत्र शिकायची सगळ्यात चांगली शाळा म्हणजे सायकलच होती. बेअरिंग, चेन, आटे, तारांचा ताण, सगळं उघड्यावर, हात लावता येईल असं. आजचा फोन तसा उघडता येत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

उघड्यावर असलं म्हणून सोपं असतं असं मात्र नाही, हे मला माझ्या सायकलने शिकवलं. पहिल्याच दिवशी जुन्या फ्रेममधून बीबीचा कप काढायला बसलो. पाना लावून अर्धा तास जोर लावला, हलेना. वरून डब्ल्यूडी-४० मारलं, तरी हलेना. शेवटी लक्षात आलं की उजव्या बाजूच्या कपाचे आटे उलटे असतात. मी तो सोडवत नव्हतो, आणखी आवळत होतो! इंजिनिअरिंगची डिग्री घरात फ्रेम करून लावलेली आहे, हेही सांगून टाकतो.

तर नोकरीत लक्ष्मणराव टिकले नाहीत. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा दिली गेली. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगावला भावाकडे आले. इथून पुढे दुसऱ्यांनी बनवलेली वस्तू विकण्यापेक्षा स्वतः बनवायचं ठरलं. पहिली वस्तू कडबा कापायचं यंत्र. आमच्याकडे आजही घरोघरी कडबाकुट्टी आहे, मोटारवर चालते एवढाच फरक. दुसरी वस्तू लोखंडी नांगर.

लोखंडी नांगराचं काम समजून घ्या. लाकडी नांगर माती फाडतो. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे एक वळणदार पान असतं, ते कापलेली माती उचलून उलटी करतं. वरचं तण खाली गाडलं जातं, खालची माती उन्हात येते. काळ्या, चिकट जमिनीत हा फरक फार मोठा. पण शेतकरी घेईनात. लोखंडाने जमीन नासते, जमिनीत विष जातं असा समज होता. पहिला नांगर विकला जायला सुमारे दोन वर्षं लागली म्हणतात. दोन वर्षं! आपण ॲप टाकल्यावर दोन दिवसांत डाऊनलोड बघत बसतो.

मी मात्र त्या शेतकऱ्यांना अडाणी म्हणणार नाही. एक हंगाम वाया गेला तर वर्ष जातं, आणि नवं यंत्र मोडलं तर तो भाग मिळणार कुठे? फाळ झिजतो, बदलावा लागतो. बदललेला फाळ जुन्या नांगरावर तसाच्या तसा बसायला हवा, नाहीतर अख्खा नांगर भंगार. म्हणजे प्रत्येक नग एकाच मापाचा ओतावा लागतो. इथे पुन्हा ते ड्रॉइंगच कामाला येतं.

मापाचा हा प्रश्न माझ्या शेडमध्येही होताच. माझ्या फ्रेमला व्ही-ब्रेक होते आणि लिव्हर रेसिंग हँडलचे. दोन्ही चांगल्या स्थितीत, पण एकमेकांशी जमेनात, कारण व्ही-ब्रेकला तार जास्त ओढावी लागते आणि हे लिव्हर तेवढी ओढतच नाहीत. लिव्हर हँडलला टेकला तरी चाक नीट थांबत नव्हतं. गियरच्या बाबतीत उलटा अनुभव: आठ स्पीडचा शिमानोचा एमटीबी गियर रोडच्या लिव्हरवर पहिल्या फटक्यात चालला, कारण त्या पिढीत दोन्हींची तार सारखीच सरकते. दिसण्यावरून काहीच कळत नाही, मापच बघावं लागतं. ब्रेकसाठी मी छोट्या हातांचे मिनी-व्ही लावले. कोरड्या रस्त्यावर झकास चालले.

मग पाऊस झाला. मत्स्योदरी देवीच्या डोंगराकडून शेतातल्या वाटेने निघालो आणि शंभरेक मीटरमध्ये दोन्ही चाकं जाम. मिनी-व्हीमध्ये टायरच्या वर जागाच उरत नाही. काळी माती तिथे गच्च बसली, आणि सायकल उचलली तर दुप्पट जड.

लक्ष्मणरावांचा कारखानाही असाच एकदा अडला. बेळगावात नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे त्यांना जागा सोडावी लागली. चालता धंदा, माणसं, यंत्रं, आणि जागा नाही. औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांना ओळखत होते. हे राजे स्वतः चित्रकार होते, ही गोष्ट मला फार आवडते. त्यांच्याकडून दहा हजार रुपयांचं कर्ज मिळालं आणि कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर पडीक जमीन मिळाली. निवडुंग आणि नाग, दुसरं काही नाही. १९१० मध्ये पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन ते तिथे गेले. निवडुंग तोडून कारखाना उभा केला, घरं उभी केली. तीच आजची सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. स्टेशनचं नावही पुढे तेच झालं. तिथे अस्पृश्यता पाळायची नाही असा त्यांचा नियम होता, आणि रात्रीच्या पहाऱ्यावर त्यांनी शिक्षा भोगून आलेली माणसं ठेवली होती. १९१० चं साल लक्षात घेऊन हे वाचा.

पहिल्या महायुद्धात नवीनच अडचण आली. परदेशातून येणारं लोखंड बंद. ओतायला लोखंड नाही तर नांगर कसला? कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले. आपण भंगारातून भाग जुळवतो तेव्हा फार मोठं काही केल्यासारखं वाटतं. इथे तर तोफांनी शेत नांगरलं.

पुढचं भराभर सांगतो, कारण ते बऱ्याच जणांना माहीत असतं. १९२० मध्ये वाडीतून 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघालं, त्याचंच पुढे 'किर्लोस्कर' झालं. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकून आला. नांगरानंतर पंप आले, आणि १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. आमच्या विहिरीवरचं नाव तिथलं. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने तिकीट काढलं.

आता माझ्या सायकलचं. मिनी-व्ही काढून कँटिलिव्हर ब्रेक लावायचे ठरवले. हे जुन्या पद्धतीचे, दोन्ही हात बाहेर पसरलेले, त्यामुळे टायरभोवती मोकळी जागा राहते. तार कमी ओढावी लागते, म्हणजे माझे लिव्हर चालतात. पण त्यांना तार अडकवायला वर एक आधार लागतो आणि माझ्या फ्रेमला तो नव्हता. अंबडमधल्या एका वेल्डिंगवाल्या मामांकडे गेलो. ते नांगर आणि कडबाकुट्टीची कामं करतात. तोंडी सांगितलं ते त्यांना कळेना, आणि खरं तर मलाही नीट सांगता येईना. शेवटी त्यांच्याच वहीच्या मागच्या पानावर मापं टाकून चित्र काढलं. दहा मिनिटांत त्यांनी पट्टी कापली, वाकवली, भोक पाडलं, आणि सीटच्या क्लॅम्पखाली बसवून दिली. पैसे विचारले तर चहाचे द्या म्हणाले. पुढच्या बाजूचा आधार मी ऑनलाइन मागवला.

कुणी असं करणार असेल तर एक काळजी नक्की घ्या. कँटिलिव्हरची मुख्य तार तुटली तर दोन हातांना जोडणारी आडवी तार खाली टायरवर पडते, खाचांमध्ये अडकते आणि चाक एकदम लॉक होतं. पुढच्या चाकाला हे झालं तर माणूस सरळ हँडलवरून जातो. म्हणून पुढे ब्रेकच्या वर रिफ्लेक्टरची पट्टी किंवा छोटासा हुक ठेवा, तार तिथे अडते. मी जुन्या मडगार्डची क्लिप लावली आहे.

गेल्या रविवारी पुन्हा त्याच वाटेने गेलो. रात्रभर पाऊस झालेला. या वेळी चाकं फिरत राहिली, माती चिकटत होती आणि सुटून मागे उडत होती, अर्धी माझ्याच पाठीवर. ओढ्यापाशी मात्र पाणी जास्त होतं, तिथे उतरलो, सायकल खांद्यावर घेतली आणि पलीकडे गेलो.