आपोआप उघडणारे दरवाजे

मित्रांनो, दरवर्षी १५ सप्टेंबरला आपण इंजिनिअर्स डे साजरा करतो. सर विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घालतो, भाषण ऐकतो आणि मेसकडे पळतो. पण हा माणूस आपल्या खान्देशात नोकरी करून गेलाय, हे किती जणांना माहीत आहे? दीपनगरच्या चिमण्या रोज बघणाऱ्या मलाही ते माहीत नव्हतं.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्म १८६१ साली आजच्या कर्नाटकातल्या मुद्देनहळ्ळीचा. वडील लवकर गेले. शिकवण्या घेत त्यांनी बंगळूरला बी.ए. केलं, मग पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून, म्हणजे आजच्या सीओईपीतून, १८८३ साली इंजिनिअरिंगला पहिला नंबर काढला. १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या पीडब्ल्यूडीत असिस्टंट इंजिनिअर झाले आणि लवकरच धुळ्याकडे आले. पांजरेच्या खोऱ्यात ओढ्याखालून पाइप टाकून पाटाचं पाणी पलीकडे न्यायचं काम त्यांच्याकडे आलं. ऐन पावसाळ्यात पुराने काम वाळूने भरलं. थोडं थांबावं असं त्यांनी सुचवलं, ते वरिष्ठांना रुचलं नाही. मग त्यांनी नेटाने तेच काम पुरं केलं. पाइपचं गणित कागदावर कितीही बरोबर असलं तरी ओढ्याचा पूर त्यात धरावाच लागतो, हे त्यांनी तेव्हाच अनुभवलं असणार.

पुढे खडकवासल्याला धरणाची भिंत न वाढवता पाणी जास्त साठवायचं होतं. सांडव्यावर दरवाजे बसवले तर पातळी ८ फूट वाढत होती. पण रात्री-अपरात्री पूर आला आणि दरवाजे उघडले नाहीत तर धरणच धोक्यात! १९०३ मध्ये त्यांनी तिथे आपोआप चालणारे दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की ते आपणच उघडत, पातळी उतरली की आपणच मिटत. पातळीवर दरवाजा अवलंबून, दरवाज्यावर विसर्ग आणि विसर्गावर पुन्हा पातळी. हे सगळं त्यांनी एकत्र मांडलं.

आता आपल्या सिम्युलेशन लॅबमध्ये येऊ. तिथे पाण्याचा प्रवाह एका मॉडेलमध्ये असतो आणि दरवाज्याची हालचाल दुसऱ्या. एकाचा दाब दुसऱ्याला द्यायचा, दुसऱ्याची हालचाल पहिल्याला परत द्यायची आणि दोन्ही जुळेपर्यंत फेऱ्या मारायच्या. यालाच कपलिंग म्हणतात. आपण मात्र बऱ्याचदा मधला आकडा हाताने टाइप करून मोकळे होतो. दोन्ही मॉडेल वेगवेगळी छान सुटतात, आणि उत्तर चुकतं!

दीपनगरच्या बॉयलरची नळीच घ्या. बाहेर तापलेले वायू, आत पाणी किंवा वाफ, मध्ये धातू. आत क्षार साचले की उष्णता आत कमी जाते, धातू जास्त तापतो आणि त्याची ताकद घटते. उष्णतेच्या मॉडेलमधलं हे तापमान ताणाच्या मॉडेलला कळलंच नाही, तर नळी कागदावर शाबूत राहील आणि प्रत्यक्षात फुटेल. मग संच बंद करावा लागतो, आणि अंधार कोणाच्या घरात पडतो ते सांगायला नको.

विश्वेश्वरय्या १९०९ मध्ये म्हैसूरचे चीफ इंजिनिअर झाले, १९१२ ते १९१८ दिवाण होते. कृष्णराजसागर धरणावरही त्यांचे आपोआप चालणारे दरवाजे बसले. १९५५ मध्ये भारतरत्न मिळालं. वयाची शंभरी गाठून १९६२ मध्ये ते गेले. त्यांच्याकडे ना कॉम्प्युटर होता, ना सॉफ्टवेअर. पण एका गोष्टीचा दुसरीवर काय परिणाम होतो, हे विचारायचं ते विसरले नाहीत.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी सॉल्व्हचं बटण दाबण्याआधी एकदा बघा, हा आकडा दुसऱ्या मॉडेलमधून आलाय की आपल्या मनातून? फोटोला हार घालण्यापेक्षा त्यांना हे जास्त आवडलं असतं, असं मला वाटतं.