भास्कराचार्य

सुमारे नऊशे वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या आश्रयाला विज्जलविड नावाचे एक गाव होते. तेथे महेश्वर नावाचे विद्वान ज्योतिषी राहत. इ. स. १११४ मध्ये त्यांना मुलगा झाला. हाच मुलगा पुढे भास्कराचार्य म्हणून प्रसिद्ध झाला. विज्जलविड नेमके कोठे होते, याबद्दल मात्र विद्वानांत एकमत नाही.

भास्करांचे गुरू त्यांचे वडीलच होते. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा मोठा ग्रंथ लिहिला. त्याचे चार भाग आहेत. त्यांतला पहिला, अंकगणिताचा भाग म्हणजे ‘लीलावती’.

त्या काळी छापील पुस्तके नव्हती. पाटीवर धूळ पसरून तिच्यावर बोटाने आकडे लिहीत आणि पुसत. नियम श्लोकांत पाठ करीत. पुस्तकात चित्रे कोठून येणार? भास्कराचार्यांनी ती शब्दांनीच काढली. त्यांच्या उदाहरणांत फुलांवरचे भुंगे आहेत, वाऱ्याने मोडलेला बांबू आहे, सापावर झेप घेणारा मोर आहे. उदाहरण ऐकता ऐकता चित्र डोळ्यांपुढे उभे राहते.

दर कसा काढावा, हे शिकवताना ते आपल्याला बाजारात नेतात. निष्क हे नाणे आणि पळ हे वजन. ३/७ निष्काला अडीच पळे केशर, म्हणजे आपले जाफरान, मिळते. तर ९ निष्कांना किती मिळेल? ३/७ म्हटले की आमचा वर्ग गप्प होतो! मग मी फळ्यावर एक लांब पट्टी काढतो. ही पट्टी म्हणजे एक निष्क. तिचे सात सारखे चौकोन करतो आणि तीन रंगवतो. या तीन चौकोनांत अडीच पळे, तर एका चौकोनात ५/६ पळ. सात चौकोनांत, म्हणजे पूर्ण एका निष्कात, ३५/६ पळे. हाच एका निष्काचा दर. त्याची नऊपट केली की साडेबावन्न पळे. मुले हे बोट ठेवून मोजतात.

भास्कराचार्य एकाचा दर वेगळा काढत नाहीत. तीन राशी मांडून ते एकदम उत्तर काढतात. या रीतीला त्रैराशिक म्हणतात. ती त्यांच्या आधीपासून चालत आली होती. त्यांच्या जन्मापूर्वी अल बिरुनी यांनी तिच्यावर अरबी भाषेत पुस्तक लिहिले होते. अंकगणिताचा बहुतेक भाग त्रैराशिकाचाच विस्तार आहे, असे भास्कराचार्यांचे मत होते.

११८३ मध्ये, एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांनी ‘करणकुतूहल’ हा ग्रंथ रचला. त्यांचा नातू चांगदेव राजज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ काढला. तसा शिलालेख तेथे सापडला आहे.

अकबर बादशहाच्या आज्ञेवरून १५८७ मध्ये फैजी यांनी ‘लीलावती’चा फारसी अनुवाद केला. त्यात त्यांनी एक कथा सांगितली आहे. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी. तिच्या लग्नाची वेळ मोजण्यासाठी पाण्यात भोक असलेले घटिकापात्र ठेवले होते. तिच्या दागिन्यातला मोती त्यात पडला, भोक बुजले आणि मुहूर्त टळला. वडिलांनी तिचे नाव अमर करण्यासाठी तिच्या नावाने ग्रंथ लिहिला. मूळ ग्रंथात ही कथा नाही. तेथे फक्त एक हुशार मुलगी आहे. भास्कराचार्य तिला पुन्हा पुन्हा हाक मारतात आणि उत्तर विचारतात.