फ्रेंच आपलीशी करणारी तोरू दत्त



परकी भाषा बोलताना उच्चार चुकेल, वर्ग हसेल, या भीतीने तुमच्यापैकी कित्येक जण तोंडच उघडत नाहीत. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे ही भीती आम्हाला चांगली ठाऊक आहे. म्हणून या अंकात तोरू दत्त यांचा अल्पपरिचय देत आहोत.

तोरूचा जन्म ४ मार्च १८५६ रोजी कोलकात्यात झाला. वडील गोविनचंद्र स्वतः कविता लिहीत. १८६५ मध्ये तिचा भाऊ अब्जू वारला. १८६९ मध्ये हे कुटुंब युरोपला गेले आणि फ्रान्समधील नीस येथे तोरू व तिची थोरली बहीण अरू काही महिने शाळेत जाऊ लागल्या. तोरू तेव्हा १३ वर्षांची होती.

फ्रेंच ही आपल्या सवयी मोडणारी भाषा आहे. आपण लिहितो तसे बोलतो. तिथे शब्दाच्या शेवटची अक्षरे बहुधा मुकी असतात. मराठी, हिंदी, बंगालीत विशेषण नामाच्या आधी येते. फ्रेंचमध्ये ते बहुतेक वेळा नंतर येते, म्हणजे 'लाल पुस्तक' हे 'पुस्तक लाल' होते. मोजकी विशेषणे मात्र आधी येतात आणि जागा बदलली की काहींचा अर्थही बदलतो. 'ऑम' म्हणजे माणूस. 'ऑम ग्रां' म्हणजे उंच माणूस. 'ग्रां' आधी आले की तो थोर माणूस होतो आणि उच्चार होतो 'ग्रांतॉम'. एरवी मुके असणारे शेवटचे अक्षर पुढच्या स्वराला जोडून 'त' असे ऐकू येते. अशा गोष्टी नुसत्या पाठांतराने येत नाहीत. कानाने ऐकाव्या आणि तोंडाने म्हणाव्या लागतात.

पुढे इंग्लंडमध्ये, केंब्रिज येथे स्त्रियांसाठी होणारी व्याख्याने दोघी बहिणींनी ऐकली. १८७३ मध्ये कुटुंब कोलकात्याला परतले. १८७४ मध्ये अरू क्षयाने गेली. तोरूचीही प्रकृती ढासळत होती, तरी तिने अभ्यास सोडला नाही. संस्कृतही शिकायला घेतले. १८७६ मध्ये फ्रेंच कवितांच्या इंग्रजी अनुवादांचे तिचे पुस्तक निघाले. त्यात अरूचेही काही अनुवाद आहेत. प्राचीन भारतातील स्त्रियांवर लिहिणाऱ्या क्लारिस बादेर या फ्रेंच लेखिकेशी तिचा पत्रव्यवहार झाला. त्यांच्या पुस्तकाचा अनुवाद करण्याची तिची इच्छा होती. ती अपुरी राहिली. ३० ऑगस्ट १८७७ रोजी, वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षी तोरू गेली.

मागे राहिलेल्या कागदांत वडिलांना एक फ्रेंच कादंबरी सापडली. १८७९ मध्ये ती पॅरिसला प्रसिद्ध झाली. भारतीय व्यक्तीने फ्रेंचमध्ये लिहिलेली ती पहिली कादंबरी मानली जाते.

पालकांना एवढीच विनंती, की मूल नवी भाषा बोलू लागले तर आधी ते पूर्ण ऐकून घ्यावे. चूक नंतर सांगावी. आणि मुलांनो, तोरूला आयुष्य फार थोडे मिळाले. तुमच्यापाशी वेळ आहे, तो लाजण्यात घालवू नका.