रस्त्याच्या पाटीवरचा इंजिनिअर

दिव्याहून स्लो लोकल पकडून दादरला उतरलं आणि पश्चिमेला बाहेर पडलं, की फुलबाजाराच्या गर्दीतून वाट काढावी लागते. तो जो रस्ता आहे, तो सेनापती बापट मार्ग. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे सेनापती बापट ही माझ्या लेखी एक पाटी होती. फार तर पेशव्यांच्या फौजेतले कोणी सेनापती असतील, असं मी धरून चालले होते. ते विसाव्या शतकातले होते, आणि स्कॉटलंडला मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला गेले होते, हे मला वयाच्या विसाव्या वर्षी कळलं. ज्यांची मराठी शाळा झाली आहे त्यांनी हसून घ्यावं.

कळलं तेही एका सेमिनारमुळे. सेकंड इयरला मी जलविद्युत हा विषय घेतला होता. फायदे, तोटे, आकृत्या, सगळं ठरलेलं. तोट्यांमध्ये शेवटून दुसरी ओळ होती, लोकांचं विस्थापन. सरांनी तिथे पेन्सिल ठेवली आणि विचारलं, कुठले लोक? मला एकही नाव सांगता आलं नाही, गावाचंसुद्धा नाही. सर म्हणाले, मुळशी वाच. लायब्ररीत राजेंद्र व्होरा यांचं मुळशी सत्याग्रहावरचं इंग्रजी पुस्तक मिळालं. त्याच्यातून मी बापटांपर्यंत पोचले.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1880 चा, नगर जिल्ह्यातल्या पारनेरचा. हुशार मुलगा, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून बी.ए. मग मुंबई विद्यापीठाची मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळाली आणि 1904 साली ते एडिंबराच्या हेरियट-वॉट कॉलेजात दाखल झाले. त्या काळात एवढं झालं म्हणजे पुढचं आयुष्य ठरलंच. परत यायचं, सरकारी खात्यात साहेबाच्या हाताखाली का होईना पण इंजिनिअर व्हायचं, पेन्शन घ्यायची. बापटांनी तिथे एका सभेत ब्रिटिश अमलाखालच्या हिंदुस्थानची दशा मांडली आणि शिष्यवृत्ती गेली. आपल्याकडे अटेंडन्स कमी पडून ईबीसी अडकली तर आपण आठवडाभर ऑफिसच्या खिडकीशी उभे असतो. ह्या माणसाची तर परदेशात, ऐन शिक्षणात गेली, आणि ती परत मिळावी म्हणून माफी मागायला ते गेले नाहीत.

पुढे लंडनचं इंडिया हाऊस, श्यामजी कृष्णवर्मा, सावरकर. तिथून पॅरिस. पॅरिसमध्ये एका रशियन क्रांतिकारकाकडून बॉम्ब बनवण्याची विद्या मिळवली आणि 1908 साली ते ती घेऊन मायदेशी आले. त्याच वर्षी बंगालात अलीपूर खटला उभा राहिला, माफीच्या साक्षीदाराच्या जबानीत बापटांचं नाव आलं, आणि चार-साडेचार वर्षं ते भूमिगत राहिले. 1912 मध्ये इंदूरला पकडले गेले, पण पुरावा टिकला नाही आणि सुटले.

आता इथून मला वाटलं होतं की आणखी बॉम्ब, आणखी पाठलाग असं काहीतरी येणार. तसं झालं नाही. पारनेरला परत येऊन ह्या माणसाने हातात झाडू घेतला. रोज सकाळी गावातले रस्ते झाडायचे, संडास साफ करायचे. हे 1913-14 च्या सुमाराला, म्हणजे गांधीजी आफ्रिकेतून परत येण्याच्याही आधी. चित्पावन ब्राह्मण, विलायतेला जाऊन आलेला, आणि गावाची घाण उचलतोय! मुलगा झाला तेव्हा बारशाचं जेवण त्यांनी आधी अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना घातलं, असं सांगतात. पारनेरमध्ये त्यावर काय बोललं गेलं असेल ते आपण कल्पनेनेच जाणायचं. नंतर ते पुण्या-मुंबईत पत्रकारी करू लागले. टिळकांच्या मराठा पत्रात होते, डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाच्या कामातही होते. मुंबईत झाडूवाल्यांचा संप झाला तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहिले. अंदमानातले राजबंदी सुटावेत म्हणून खटपट करत राहिले. 1920 मध्ये पत्नी वारली. आणि मग मुळशी आलं.

मुळशीचं गणित आधी सांगते, कारण आपण सगळे शेवटी मार्कांसाठी तेच शिकतो. पुण्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या माथ्यावर मुळा आणि निळा ह्या नद्यांचा संगम. इथलं पाणी मूळचं पूर्वेला जाणारं: पुणे, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला. टाटांच्या इंजिनिअरांची कल्पना अशी की हे पाणी धरण बांधून अडवायचं, बोगद्यातून उलटं पश्चिमेला वळवायचं आणि घाटाच्या कड्यावरून खाली भिऱ्याच्या पॉवर हाऊसवर सोडायचं. जवळजवळ 500 मीटरचा हेड. टर्बाइनवाल्याला स्वप्नात पडावा असा. खोपोलीचं केंद्र 1915 च्या सुमारास आधीच चालू झालं होतं आणि मुंबईच्या गिरण्यांना आणखी वीज हवी होती. कोळसा नाही, राख नाही, धूर नाही. आजच्या भाषेत ग्रीन एनर्जी.

आणि खाली कोण होतं? पन्नासच्या वर गावं, साधारण 11 हजार माणसं. आंबेमोहोर तांदूळ पिकवणारे मावळे. त्यांच्या शेतात नोटीस न देता चर खणायला सुरुवात झाली. एका शेतकऱ्याने विरोध केला तर साहेबाने त्याच्यावर पिस्तूल रोखलं, अशी हकिगत आहे. सरकारच्या हाती 1894 चा भूसंपादन कायदा होता. सार्वजनिक हित म्हटलं की जमीन गेली. कंपनी खाजगी असली तरी.

16 एप्रिल 1921, रामनवमी. त्या दिवशी बाराशेच्या आसपास माणसं धरणाच्या जागेवर जाऊन बसली. बायका होत्या, मुलं होती. काम बंद पडलं आणि काही महिने बंदच राहिलं. व्होरांनी ह्याला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हटलंय. बापट पुढे होते आणि विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबरीने. ह्याच लढ्यात बापटांना लोकांनी सेनापती केलं. फौज म्हणजे अर्धपोटी शेतकरी.

हा लढा का हरला, हे मला सर्वात बोचलं. मला आधी वाटलं, इंग्रज सरकार आणि बडी कंपनी, संपलं. पण मधे आणखी एक मंडळी होती. मुळशीतल्या बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या होत्या. कसणारा मावळा, कागद सावकाराकडे. जमीन गेली तर मावळ्याचं सगळं जाणार होतं. सावकाराला मात्र रोख पैसे मिळणार होते, तेही बुडीत कर्जाचे. नुकसानभरपाईची बोलणी सुरू झाली तशी सावकारांची भाषा बदलली. गांधीजींनी सुरुवातीला आपल्या पत्रातून टाटांना समजुतीने घ्यायची विनंती केली होती, पण काँग्रेस म्हणून सगळं बळ मुळशीच्या मागे कधी उभं राहिलं नाही. टाटा देशी उद्योग होते ना! परक्यांविरुद्ध लढायला सगळे तयार असतात. आपल्यातल्याच उद्योगाने आपल्यातल्याच शेतकऱ्याला उठवलं तर कोणाच्या बाजूने उभं राहायचं, ह्याचं उत्तर तेव्हा तयार नव्हतं. आजही आपल्या हॉस्टेलच्या मेसमध्ये हा विषय काढून बघा, पोळी गार होईस्तोवर वाद चालतो.

बापट ह्या काळात तुरुंगात जात-येत होते. शेतकरी एकेक करून पैसे घेऊ लागले, दुसरा उपायच नव्हता. शेवटी डिसेंबर 1924 मध्ये बापटांनी चार-पाच साथीदार घेऊन धरणाच्या कामाच्या रेल्वेलाईनवर दगड रचले आणि मजुरांची गाडी अडवली. हातात शस्त्र होतं, आणि ते चाललं. सात वर्षांची शिक्षा झाली. ती त्यांनी सिंधमधल्या हैदराबादच्या तुरुंगात काढली आणि 1931 मध्ये सुटले.

ह्या प्रसंगाशी मी बरेच दिवस अडखळले. बापटांची स्वतःची मांडणी शुद्ध सत्याग्रह अशी होती. हेतू शुद्ध असेल तर हत्यार घेणंही त्यात बसतं, अहिंसेची सक्ती नाही. मला हे पटत नाही. गाडीत टाटा बसलेले नव्हते, गव्हर्नर बसलेला नव्हता. पोटासाठी कुठून कुठून आलेले मजूर होते. ते मुळशीच्या शेतकऱ्याइतकेच गरीब असणार.

पण मग मला 2 जानेवारी 2015 आठवतो. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. सकाळी गाड्या ठप्प झाल्या आणि दिव्याला लोक रुळांवर उतरले. दगडफेक झाली, वाहनं जळली. टीव्हीवर सगळे म्हणत होते की दिव्याचे लोक असेच. आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी तसं म्हणत नव्हतं. फास्ट गाड्या आमच्या तोंडासमोरून धडधडत जायच्या आणि दारात लटकून जाणारी माणसं पडायची, हे रोजचं होतं. दगड चुकीचाच. पण तो उचलण्याआधी किती अर्ज गेलेले असतात हे दगड दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात येत नाही. बापटांचा दगडही साडेतीन वर्षांच्या शांत सत्याग्रहानंतरचा होता. तेवढं मी आता लक्षात घेते. त्यापलीकडे माझं मत बदललेलं नाही.

धरण झालं. 1927 मध्ये भिऱ्याचं केंद्र चालू झालं. माणसं विखुरली. तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. महाराष्ट्राने तो केला 1976 साली, म्हणजे मुळशीनंतर पन्नास वर्षांनी, आणि 1894 चा भूसंपादन कायदा बदलायला तर 2013 उजाडलं.

जर्मनीत 1980 साली ग्रीन पक्ष निघाला आणि 1983 मध्ये त्यांचे खासदार फुलं-फांद्या घेऊन संसदेत गेले. हवामान, निर्वासित, सामाजिक न्याय, असे तीन विषय हे पक्ष एकाच जाहीरनाम्यात घालतात. मला पूर्वी ते उगाच केलेलं कडबोळं वाटायचं. झाडांचा आणि निर्वासितांचा काय संबंध? मुळशीत तिन्ही एकाच ठिकाणी सापडतात. धूर नसलेली वीज, त्या विजेने घर सोडायला लागलेली माणसं, आणि त्यातही कोणाला पैसे मिळाले नि कोणाला नाही हा हिशोब. बापटांचा असा काही पक्ष नव्हता. पर्यावरण हा शब्दही त्यांच्या काळात कोणी वापरत नव्हतं.

सुटल्यावर ते घरी बसले नाहीत. पुन्हा भाषणं, पुन्हा तुरुंग, 1937 ला सुटका. सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकचं महाराष्ट्रातलं काम, निजामाविरुद्धचा हैदराबादचा लढा. 15 ऑगस्ट 1947 ला पुण्यात झेंडा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. मे 1955 मध्ये गोव्याच्या सत्याग्रहात ना. ग. गोरे यांच्याबरोबर सीमा ओलांडणाऱ्यांत ते होते, वय 74. ह्या वयात आमचे आजोबा दिवा स्टेशनचा जिना चढायला नको म्हणतात. मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ. 28 नोव्हेंबर 1967 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. अरविंदांच्या दिव्य जीवनाचं मराठी भाषांतरही ह्याच माणसाने केलंय. तुरुंगातून तुरुंगात जाताना वेळ कुठून काढला कोण जाणे. इंजिनिअरिंगची डिग्री मात्र राहून गेली ती राहूनच गेली.

मागच्या सुट्टीत आम्ही सहाजण दिव्याहून रोहा गाडीने निघालो आणि पुढे कोलाडला राफ्टिंगला गेलो. कुंडलिकेला सकाळी ठरलेल्या वेळी पाणी येतं. गाईडने लाईफ जॅकेट बांधता बांधता सांगितलं, वर भिऱ्याला वीज झाली की पाणी खाली सोडतात, त्यावर आपली बोट. सगळे उड्या मारत बसले. मी पण बसले, भाडं भरलेलं होतं. पाणी इतकं गार होतं की पहिल्या लाटेला ओरडलेच. हे पुण्याकडे जायचं पाणी, हे सांगायला मी तोंड उघडलं तर पुढच्या लाटेने बंद केलं.

परत येताना गाडी दिव्यात शिरताना म्हातार्डीची बाजू लागते. बुलेट ट्रेनचं ठाण्याचं स्टेशन तिकडे होणार आहे. जमिनी घेतल्या गेल्यात. माझ्याबरोबरचा एकजण त्या प्रोजेक्टवर ट्रेनिंग मिळावी म्हणून अर्ज करणार आहे. मीही करेन बहुतेक. मुलाखतीत काय विचारतील त्याची आम्ही गाडीतच तयारी करत होतो.

सेमिनार रिपोर्टमधली ती एक ओळ मी नंतर काढून टाकली आणि तिच्या जागी दीड पान लिहिलं: गावं, आंबेमोहोर, सावकार, 1921 ते 1924. सरांनी वाचून शेवटी एक बरोबरची खूण केली. मार्क तेवढेच राहिले, कारण आकृतीत सर्ज टँक चुकला होता.

(तृतीय वर्ष, इलेक्ट्रिकल)