गुप्त नभोवाणीच्या संचालिका उषा मेहता

सन 1942 च्या ऑगस्ट महिन्यात मुंबई शहर एकाएकी मुके झाले. 8 ऑगस्टच्या रात्री गवालिया टँक मैदानावर इंग्रजांनी भारत सोडून जावे असा ठराव संमत झाला आणि दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वीच महात्मा गांधी, पंडित नेहरू, सरदार पटेल प्रभृती पुढारी सरकारने पकडून नेले. वृत्तपत्रांच्या मुखाला कुलूप लागले. कोठे गोळीबार झाला, कोणत्या गावी किती माणसे पडली, कोणत्या गिरणीतील कामगारांनी काम टाकले, यातले अक्षरही छापता येईना. नभोवाणी तर सरकारच्याच हातची. लोक उसळले होते. परंतु एका गावचे लोक काय करीत आहेत हे दुसऱ्या गावच्या लोकांना कळण्याचे साधन उरले नव्हते. हे साधन उभे करण्याचे धाडस ज्या चार-पाच तरुणांनी केले, त्यांत बावीस वर्षांची एक विद्यार्थिनी होती. तिचे नाव उषा मेहता.

उषाबेनचा जन्म 25 मार्च 1920 रोजी गुजरातेत सुरतेजवळील सरस या लहानशा गावी झाला. वडील हरिप्रसाद मेहता इंग्रजी अमदानीत न्यायाधीश होते. घरी अन्नवस्त्राला तोटा नव्हता. तथापि सरकारी नोकराच्या मुलीने सभामिरवणुकांत जाणे वडिलांना परवडणारे नव्हते. मुलीचे मन मात्र आधीच दुसरीकडे गुंतले होते. अगदी बालवयात तिने अहमदाबादच्या आश्रमात गांधीजींना पाहिले होते आणि पुढे गावाजवळ त्यांचे शिबिर भरले तेव्हा तेथे बसून थोडी सूतकताईही केली होती. 1928 साली सायमन कमिशनच्या निषेधार्थ निघालेल्या फेरीत आठ वर्षांची उषा घोषणा देत चालली होती.

त्याच काळातील एक प्रसंग मोठा हृद्य आहे. मुलांच्या एका मिरवणुकीवर पोलिसांनी लाठ्या चालविल्या. ध्वज धरलेली मुलगी खाली पडली आणि तिच्याबरोबर ध्वजही पडला. मुलांना माराचे दुःख नव्हते, ध्वज पडल्याचे होते. ती रडत घरी आली. वडीलधाऱ्यांनी मग युक्ती काढली. केशरी, पांढरे आणि हिरवे कपडे शिवून ते मुलांच्या अंगात घातले. थोड्याच दिवसांत मुले पुन्हा रस्त्यावर उतरली. आता ध्वज कोणाच्या हातात नव्हताच. मुलांची रांग हाच ध्वज झाला होता. लाठी मारून तो पाडायचा कसा?

1930 साली हरिप्रसाद सेवानिवृत्त झाले आणि 1932 मध्ये हे कुटुंब मुंबईस येऊन राहिले. वडिलांच्या नोकरीचे बंधन सुटल्यावर उषाबेन गुप्त पत्रके वाटू लागल्या, तुरुंगातील नातेवाइकांना भेटून त्यांचे निरोप बाहेर पोहोचवू लागल्या. याच वयात त्यांनी खादी अंगीकारली, ती आयुष्यभर सुटली नाही. चौपाटीवरील विल्सन कॉलेजातून 1939 साली तत्त्वज्ञान हा विषय घेऊन त्या पदवीधर झाल्या. पुढील शिक्षण चालू असतानाच ऑगस्टचा तो दिवस उगवला आणि त्यांनी पुस्तके मिटून ठेवली.

पत्रके छापून वाटावीत तर ती गल्लीबाहेर जाईपर्यंत जप्त होत. तेव्हा उषाबेन, बाबूभाई खाकर, विठ्ठलभाई जव्हेरी, चंद्रकांत जव्हेरी या मित्रांच्या मनात आले की, आपली स्वतःचीच नभोवाणी का असू नये? हवेतून जाणारा शब्द कोणत्या नाक्यावर अडविणार? एका नातलग स्त्रीने या कामासाठी आपले दागिने पुढे केले. ते घेणे उषाबेनच्या मनाला पटले नाही. पैसा उभा करण्याचे काम बाबूभाईंनी शिरावर घेतले.

पैसा मिळाला तरी यंत्र कोठून आणावे? महायुद्धापूर्वी आपल्या देशात परवाना घेऊन बिनतारी संदेशांची देवाणघेवाण करणारे काही हौशी लोक होते. आपल्या खोलीत बसून दूरदूरच्या अनोळखी माणसांशी बोलावे, एवढाच त्यांचा निरुपद्रवी छंद. 1939 साली युद्ध सुरू होताच सरकारने त्यांचे परवाने रद्द केले. भायखळ्यास तांत्रिक शिक्षणाची संस्था चालविणारे नरिमन प्रिंटर हे अशांपैकीच एक. सुटे भाग जमवून त्यांनी उषाबेनच्या मंडळींसाठी प्रक्षेपक यंत्र जुळवून दिले. काँग्रेसच्या अधिवेशनांत ध्वनिवर्धकांची व्यवस्था पाहणाऱ्या शिकागो रेडिओचे नानक मोटवाणी यांनीही साहित्य देऊन मदत केली. परवान्यावाचून बिनतारी यंत्र जवळ बाळगणे हाच 1933 च्या कायद्याने गुन्हा होता. त्यावर सरकारविरुद्ध बोलणे ही तर पुढची गोष्ट.

असे यंत्र निवडताना पुष्कळ गोष्टींचा मेळ घालावा लागतो. यंत्र जितके शक्तिमान, तितका त्याचा आवाज दूर जातो. पण त्या काळच्या काचेच्या व्हॉल्व्हना वीज पुरविणारी लोखंडी गाभ्याची रोहित्रे तितकीच जड होत जातात. जड यंत्र एका जागी रोवून बसते आणि एका जागी रोवलेले यंत्र पोलिसांना सापडते. उलट ते फारच लहान केले, तर आवाज शेजारच्या पेठेपलीकडे जाईल की नाही याची शंका. म्हणून चोरून बोलणाऱ्याला मध्यम शक्तीचे, सुटे करून हलविता येईल आणि नव्या जागी चटकन जुळविता येईल असेच यंत्र हवे.

लहान यंत्राची उणीव पुष्कळशी भरून निघते ती लहरीच्या निवडीने. काँग्रेस नभोवाणी 42.34 मीटर लांबीच्या लघुलहरीवर बोलत असे. म्हणजे सुमारे 7085 किलोहर्ट्झ. हा पट्टा हौशी बिनतारीवाल्यांच्या मोठ्या आवडीचा आहे. या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युत्‌भारित थरावर आपटून पुन्हा जमिनीकडे परततात. त्यामुळे थोड्या शक्तीतही त्या शेकडो किलोमीटर पल्ला गाठतात. मुंबईहून परभणी सरळ रेषेत सुमारे 400 किलोमीटर. परभणी त्या वेळी निजामाच्या राज्यात होती आणि 17 सप्टेंबर 1948 पर्यंत तशीच राहिली. राज्याच्या सीमेवर माणसाची झडती घेता येते, लहरीची घेता येत नाही. अडचण एवढीच की, या लहरीसाठी उत्तम आकाशतार बांधायची तर ती लहरीच्या निम्म्या लांबीची, म्हणजे सुमारे 21 मीटर, असावी लागते. यंत्र पलंगाखाली लपेल. एवढी तार कोठे लपवावी?

27 ऑगस्ट 1942 रोजी चौपाटीवरील सी व्ह्यू या इमारतीतून पहिले प्रक्षेपण झाले. आपण भारतात कोठून तरी बोलत आहोत, एवढेच ऐकणाऱ्यांना सांगितले जाई. ते कोठून तरी म्हणजे उषाबेनच्या कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर होते! आरंभी हिंदुस्थान हमारा, शेवटी वंदे मातरम् आणि मध्ये बातम्या व भाषणे असा कार्यक्रम असे. हिंदी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतून तो होई. डॉ. राममनोहर लोहिया, अच्युतराव पटवर्धन यांच्यासारखे भूमिगत पुढारी या कामाशी जोडले गेल्यावर त्याला अधिक धार आली. विदर्भातील आष्टी व चिमूर येथे ऑगस्टमध्ये झालेला उठाव आणि नंतर तेथील लोकांवर झालेले अत्याचार, जमशेदपूरच्या कामगारांचा संप, चितगाववरील जपानी बॉम्बहल्ला, अशा ज्या वार्ता वृत्तपत्रे छापू धजत नव्हती त्या या नभोवाणीने लोकांच्या कानी घातल्या.

पुढे मंडळींनी एक शहाणपणाची व्यवस्था केली. भाषणे एका ठिकाणी तबकड्यांवर मुद्रित करावयाची आणि प्रक्षेपण दुसऱ्याच ठिकाणाहून करावयाचे. त्यामुळे वक्त्याला यंत्राजवळ यावे लागत नसे. यंत्र सापडले तरी पुढारी सापडत नसे. धोका उरला तो तबकडी लावणाऱ्याला. तबकडी लावण्याचे ते काम उषाबेनकडे होते.

शोध तर पहिल्यापासूनच चालू होता. दिशा हुडकणाऱ्या यंत्राला तारेचे एक कडे असते. ते फिरवीत गेले म्हणजे एका स्थितीत आवाज अगदी क्षीण होतो आणि त्यावरून लहर कोणत्या दिशेने येते ते समजते. दोन निरनिराळ्या जागांवरून अशा दिशा काढून नकाशावर रेघा ओढल्या की, त्या जेथे छेदतील तेथे प्रक्षेपक असावयाचा. पोलिसांच्या गाड्या अशी यंत्रे घेऊन शहरात हिंडत. यावर उपाय एकच, थोडा वेळ बोलावे आणि जागा बदलावी. लॅबर्नम रोडवरील अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरील लक्ष्मी भुवन, महालक्ष्मीजवळचा पॅरेडाइज बंगला, गिरगावातील पारेखवाडी अशी या नभोवाणीची बिऱ्हाडे झाली. नवी खोली भाड्याने घ्यावी, यंत्र न्यावे, तार बांधावी आणि संध्याकाळी काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने जिना उतरावा. सरकारी नोकर तिकडे प्रत्येक प्रक्षेपण ऐकून शब्दन्‌शब्द उतरून घेत होते. त्यांचा हेतू खटल्याला पुरावा मिळावा हा. पण त्या नोंदी राहिल्या म्हणूनच ही नभोवाणी काय बोलत होती ते आज इतक्या बारकाईने समजते. सरकारने एवढे तरी पुण्यकर्म नकळत केले!

12 नोव्हेंबर 1942 हा दिवस शेवटचा ठरला. प्रिंटर आधीच पोलिसांच्या हाती सापडले होते आणि त्यांच्याकडून सारा सुगावा लागला होता. ज्या हातांनी यंत्र जुळविले त्यांनीच त्याकडे बोट दाखवावे, यासारखे दुर्दैव नाही. त्या दिवशी पोलिसांनी बाबूभाईंच्या कचेरीवर धाड घातली. उषाबेन त्या वेळी तेथेच होत्या. तेथून त्या निसटल्या त्या थेट ध्वनिमुद्रणाच्या जागी गेल्या आणि तेथील पुढाऱ्यांना त्यांनी सावध केले. जाळे आवळत आले आहे हे सर्वांना दिसत होते. त्या रात्री गप्प बसले असते तर कदाचित त्या वाचल्याही असत्या. पण लोक ठरल्या वेळी आपापल्या ग्राहकयंत्रांना कान लावून बसणार, आणि त्यांना नुसती शांतता ऐकू यावी, हे उषाबेनना मान्य नव्हते. चंद्रकांत जव्हेरी यांना बरोबर घेऊन त्या पारेखवाडीत गेल्या.

हिंदुस्थान हमारा झाले, बातम्या झाल्या, भाषण झाले. वंदे मातरम्‌ची तबकडी फिरू लागली तोच दारावर धक्के बसू लागले. एकामागून एक दारे मोडून पोलीस आत आले आणि त्यांच्या अधिकाऱ्याने तबकडी थांबविण्याचा हुकूम सोडला. तो हुकूम उषाबेननी मानला नाही. राष्ट्रगीत चालू असता सर्वांनी स्तब्ध उभे राहावे अशी उलट त्यांचीच अपेक्षा होती. तेवढ्यात वीज गेली आणि खोली अंधारात बुडाली. कंदील येईपर्यंत ती दोन तरुण माणसे पोलिसांच्या गराड्यात उभी होती.

पुढचे सहा महिने उषाबेनना एकांतवासात ठेवून चौकशी चालली. सहकाऱ्यांची नावे सांगितल्यास परदेशी शिक्षणाची सोय करू, असेही आमिष दाखविण्यात आले. त्यांनी मौन सोडले नाही. न्यायालयात त्यांनी न्यायाधीशांना फक्त एवढेच विचारले की, प्रश्नांना उत्तरे देणे आपल्यावर बंधनकारक आहे काय. बंधन नाही असे कळताच, स्वतःच्या बचावासाठीदेखील आपण एकाही प्रश्नाचे उत्तर देणार नाही, असे त्यांनी सांगून टाकले. न्यायाधीशाच्या मुलीला न्यायालयाचे भय कोठून असणार? 1943 साली निकाल लागला. बाबूभाईंना पाच वर्षे, उषाबेनना चार वर्षे आणि चंद्रकांत यांना एक वर्ष कारावास झाला. विठ्ठलभाई आणि मोटवाणी सुटले.

येरवड्याच्या तुरुंगात उषाबेनची प्रकृती ढासळली. उपचारासाठी त्यांना मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणले, तेव्हा त्या आजारी मुलीच्या खाटेभोवती तीन-चार पोलीस अहोरात्र पहारा करीत. बरे वाटताच पुन्हा येरवडा. 1946 साली मुंबई प्रांतात लोकनियुक्त सरकार आल्यावर गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या आदेशाने त्यांची सुटका झाली. पुढच्याच वर्षी ज्या दिवसाची वाट पाहिली तो उगवला. परंतु 15 ऑगस्ट 1947 रोजी उषाबेन अंथरुणाला खिळलेल्या होत्या आणि दिल्लीचा समारंभ पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

खालावलेल्या प्रकृतीमुळे राजकारणात उतरणे शक्य नव्हते आणि सत्तेची त्यांना ओढही नव्हती. मिटलेली पुस्तके त्यांनी पुन्हा उघडली. गांधीजींच्या राजकीय व सामाजिक विचारांवर प्रबंध लिहून मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. ज्या विल्सन कॉलेजात शिकल्या तेथेच तीस वर्षे शिकविले, नंतर विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागाच्या त्या प्रमुख झाल्या आणि 1980 मध्ये निवृत्त झाल्या. पुढे लॅबर्नम रोडवरील मणिभवन या गांधीजींच्या मुंबईतील जुन्या निवासस्थानाचे काम त्यांनी मनोभावे पाहिले. याच रस्त्यावरच्या अजित व्हिलात कधी काळी त्यांनी चोरपावलांनी यंत्र नेले होते. 1998 साली भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले.

दर वर्षी ऑगस्टमध्ये गवालिया टँकवर, म्हणजे आताच्या ऑगस्ट क्रांती मैदानावर, स्मृतिदिनाला त्या जात असत. 2000 सालच्या ऑगस्टमध्ये अंगात ताप असतानाही त्या गेल्या. घरी परतल्या तेव्हा फार थकल्या होत्या. दोन दिवसांनी, 11 ऑगस्ट रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्यांनी शांतपणे देह ठेवला.