इब्न अल-नदीम : किताबांची फेरिस्त करणारा बगदादचा वर्राक

यादीला उर्दूत आपण फेहरिस्त म्हणतो. जुन्या मराठी दप्तरांत तिचीच फेरिस्त झाली. याच नावाची एक अरबी किताब हजार वर्षांपूर्वी बगदादमध्ये लिहिली गेली. लेखक होते मुहम्मद इब्न इसहाक अल-नदीम.

त्यांचे वालिद वर्राक होते, म्हणजे किताबांच्या नकला करून विकणारे. मुलानेही तोच पेशा धरला. छापखाना नव्हता. कोणत्या विषयावर कोणी काय लिहिलंय, हे शोधायचं कसं? हिजरी ३७७ मध्ये, म्हणजे इ.स. ९८७ च्या सुमारास, त्यांनी अरबीतल्या किताबांची विषयवार यादी दहा भागांत मांडली. आधी कुरआन, व्याकरण, इतिहास, शायरी, कलाम, फिकह व हदीस; मग तत्त्वज्ञान आणि वैद्यक, किस्से-कहाण्या, इतर धर्म, किमया. हिंदुस्थानातून अरबीत गेलेल्या सुश्रुताच्या ग्रंथाचीही त्यात नोंद आहे. शायरांच्या कलामाची पानंसुद्धा त्यांनी मोजून दिली, त्यामुळे हातातली नकल पुरी की अपुरी हे ताडता येई.

पुढे १२५८ मध्ये मंगोलांनी बगदाद उद्ध्वस्त केलं. यादीतल्या कितीतरी किताबा आज कुठेच नाहीत. त्या कधीकाळी होत्या, एवढं तरी आपल्याला कळतं ते या फेरिस्तीमुळेच.

आपल्याही घरांत दादा-नानांच्या उर्दू किताबा पेटीत पडून असतात. वाळवी लागण्याआधी मुलांना सोबत घेऊन नाव, लेखक, विषय, पानं एका वहीत उतरवून ठेवू या. नोंद नसलेली किताब हरवली, तर ती हरवली हेसुद्धा कुणाला कळत नाही.